खिशातला प्लग

१

खंडेनवमीच्या दुपारी सव्वातीन वाजता परंदवडीजवळच्या एका गॅरेजमध्ये कैलास नावाचा मेकॅनिक एका निळ्या गाडीच्या उघड्या बोनेटसमोर मरून पडलेला सापडला. गाडी विजेवर चालणारी होती. त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि डाव्या हाताच्या दोन बोटांवर काळे डाग होते. उजव्या हाताशेजारी चाकू पडला होता. वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात गेली होती, असे डॉक्टरांनी लिहिले.

पोलिसांनी त्याचे खिसे तपासले. पँटच्या खिशात मुठीएवढा नारिंगी प्लग निघाला.

विजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्यांना हा प्लग काय ते सांगावे लागत नाही. गाडीच्या पोटातली बॅटरी म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या शेकडो लहान बॅटऱ्यांची साखळी. मागच्या सीटखाली तिच्या मधोमध हा सर्व्हिस प्लग बसवलेला असतो. तो उपटला की साखळी तुटते आणि बोनेटमधल्या जाड नारिंगी केबलपर्यंत वीज पोचत नाही. उपटलेला प्लग मेकॅनिकने स्वतःच्या खिशात ठेवायचा. काम संपेपर्यंत तो दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा नाही. कैलासने तो दिला नव्हता.

पोलिसांनी मागची सीट उचलून पाहिली. प्लगची जागा रिकामी होती.

म्हणजे गाडी बंद होती आणि त्या बंद गाडीने माणूस मारला होता.

पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली. आठवड्याभरात गॅरेजच्या मालकाने आपला खुलासा दिला : मयताच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे अपघात. त्यावर कैलासच्या बायकोने, उज्ज्वलाने, हरकतीचा अर्ज केला. अर्ज चारच ओळींचा होता. माझा नवरा निष्काळजी नव्हता, ही त्यातली शेवटची ओळ.

त्या अर्जामुळे विद्युत निरीक्षक अरुंधती परंदवडीला आल्या.

२

अरुंधती पन्नाशीच्या होत्या. कारखान्यांत विजेच्या धक्क्याने झालेले मृत्यू तपासण्यात त्यांची आजवरची सारी नोकरी खर्ची पडली होती. समोरच्याला बोलू द्यायचे आणि आपण कमी बोलायचे, ही त्यांची पद्धत.

गॅरेजचे मालक यशोधन यांनी त्यांना वरच्या केबिनमध्ये नेले. यशोधन तळेगावचे, शिकलेले, बोलायला मऊ. चहा आला.

"मॅडम, कैलास माझा उजवा हात होता. पण खरं ते खरं. प्लग काढला तरी गाडीत थोडी वीज साठून राहते. थांबावं लागतं. तो थांबला नाही."

"किती थांबावं लागतं?"

"दहा मिनिटं धरा."

"हातमोजे होते?"

"रबरी मोजे आहेत आमच्याकडे. मीटर आहे. सगळं आहे. त्याने वापरलं नाही, त्याला मी काय करू?"

"का नाही वापरलं?"

यशोधन यांनी हात पसरले. "खंडेनवमी होती. हत्यारं पूजेला लागली होती."

"मग काम का चालू होतं?"

"काम नव्हतंच हो. उंदरांनी दोन केबल कुरतडल्या होत्या. तांबं उघडं पडलं होतं. वर नळी चढवायची, टेप गुंडाळायचा. लोणावळ्याच्या हॉटेलची गाडी. दसऱ्याला पाहुणे येणार म्हणून त्यांचे फोनवर फोन."

"त्याला सर्वांत आधी तुम्ही पाहिलंत?"

"हो. वरून खाली आलो तर हा बोनेटवर ओणवा. हाक मारली, हलेना. मी लगेच झाडूचा लाकडी दांडा घेतला, त्याने त्याला मागे ढकललं. मग इथेच काम करणाऱ्या अश्लेषाला फोन केला, ती रुग्णवाहिकेआधी पोचली."

अरुंधतींनी कप खाली ठेवला.

"लाकडी दांडा कशाला?"

"म्हणजे? विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नसतो."

"गाडी तर बंद होती ना?"

यशोधन यांनी कप उचलला. "सवय आहे, मॅडम. आधी दांडा, मग विचार. आम्हाला तसंच शिकवतात."

उत्तर बरोबर होते. अरुंधतींनी मान डोलावली आणि शेवटचा प्रश्न विचारला.

"कैलासने प्लग काढला कधी?"

"ते अश्लेषाला माहीत. गाड्यांची जबाबदारी त्या दोघांची. खरं म्हणजे त्या दिवशी तिने तिथे असायला हवं होतं."

३

अश्लेषा इंजिनिअर होती. सोमाटण्याला राहायची. घटनेपासून यशोधन यांनी तिला कामावर बोलावले नव्हते. खुलाशात तिचे नाव होते : सोबत हजर राहण्याची जबाबदारी असलेली कर्मचारी, गैरहजर.

"गैरहजर!" ती म्हणाली. "हत्यारांची पूजा झाली, सरांनी स्वतः पेढा हातात ठेवला. म्हणाले, आज काम बंद, जा घरी. अकरा वाजले असतील."

"लेखी?"

"पेढ्याची पावती घेतात का, मॅडम?"

अरुंधतींनी तो टोमणा ऐकून घेतला. "प्लग कधी काढला?"

"आदल्या दिवशी संध्याकाळी. माझ्यासमोर. कैलासने काढला आणि खिशात टाकला. घरी जातानाही नेला. मी म्हणायचे, बायकोने पँट धुवायला टाकली तर काय करशील? तर म्हणायचा, उज्ज्वला खिसे तपासल्याशिवाय माझी पँटच काय, मलासुद्धा आत घेत नाही."

ती हसली आणि मग तिला हसणे पुरे करता आले नाही.

"म्हणजे अपघाताच्या वेळी प्लग काढून रात्र उलटून गेली होती."

"हो ना! साठलेली वीज तेव्हाच संपली. सर दहा मिनिटांचं काय सांगतात?"

"मग मीटर लावून बघायचं राहिलं, ते का?"

अश्लेषा खिडकीबाहेर बघत राहिली. "मीटर पाटावर होता. मोजेही पाटावर. झेंडू वाहिलेले, हळदकुंकू लावलेलं. पूजेला लागलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही. हा आमच्या गॅरेजचा नियम नाही, सगळ्यांचाच आहे. माझे वडील लेथवर काम करायचे, त्या दिवशी ते साधा पाना उचलायचे नाहीत. कैलासने खिशातला चाकू वापरला, कारण चाकू पूजेत नव्हता. आणि प्लग खिशात होता. प्लग आपल्या खिशात म्हणजे गाडी मेलेली. आम्हाला हेच शिकवलंय. मीच शिकवायचे नवीन लोकांना."

"प्लगच्या रिकाम्या जागेवर झाकण लावून कुलूप घालतात. ते होतं का?"

"पावसाळ्यातच तुटलं. तीनदा मागितलं. सर म्हणाले, प्लग खिशात असतो ना, मग झाकण कशाला?"

"तसला प्लग आणखी कुठे मिळेल?"

"दुकानात नाही मिळत. कंपनीकडून मागवावा लागतो." ती बोलता बोलता थांबली. "पण मागच्या शेडमध्ये त्याच मॉडेलची पांढरी गाडी उभी आहे. त्याच हॉटेलची. पावसाळ्यात पाण्यात गेली, तेव्हापासून तिला कुणी हात लावला नाही."

४

निळी गाडी पोलिसांनी होती तिथेच दोरी बांधून ठेवली होती. तिच्या उघड्या बोनेटला बांधलेला झेंडूचा हार वाळला होता. डॅशबोर्डवर लाल कापड पसरलेले होते, त्यावर नारळ. कापडाने समोरचा पडदा पुरता झाकला गेला होता.

"ही पूजा कुणी केली?" अरुंधतींनी विचारले.

"काय माहीत," यशोधन म्हणाले. "आम्ही फक्त हत्यारांची केली. गाड्यांची दसऱ्याला करणार होतो. मी वर फोनवर होतो. कैलासने केली असेल."

अरुंधती खाली वाकल्या. पुढच्या दोन्ही चाकांच्या मागे एकेक लिंबू होते. दोन्ही चेंगरून चपटी झालेली, वाळून फरशीला चिकटलेली.

त्या बराच वेळ वाकून होत्या. उठल्या तेव्हा त्यांनी अश्लेषाला फोन लावला.

"ही गाडी पार्किंग गिअरमध्ये टाकली की ढकलता येते?"

"नाही. चाकं आतून अडकतात."

"ती सोडवायची कशी?"

"गाडी चालू करायची, ब्रेक दाबायचा, गिअर बदलायचा."

"आणि सीटखाली प्लग नसेल तर?"

"तर चालूच होणार नाही. पडद्यावर लाल खूण येते आणि संपलं."

वाहनपूजेत चाकापुढे लिंबू ठेवतात आणि गाडी त्यावरून नेतात. ही लिंबे आधी चाकांपुढे होती आणि आता मागे होती. म्हणजे गाडी पूजेनंतर हातभर पुढे आली होती, आपल्या चाकांवर, आपल्या विजेवर. त्या वेळी सीटखाली प्लग होता. कैलासचा प्लग तर कैलासच्या खिशात होता.

अरुंधती मागच्या शेडमध्ये गेल्या. पांढऱ्या गाडीवर महिन्यांची धूळ साचली होती. मागच्या दाराच्या मुठीवर मात्र ती पुसली गेली होती. त्यांनी रबरी मोजे चढवून सीट उचलली. प्लग जागेवर होता. त्याच्या मुठीला पकड बसावी म्हणून बारीक खाचा होत्या. वरवर तो पुसलेला दिसत होता, पण खाचांमध्ये कुंकू होते.

पूजेच्या हाताने हा प्लग काढला गेला होता. नंतर कुणीतरी तो पुसून परत ठेवला होता.

५

हॉटेलमालक गंगाधर लोणावळ्यात भेटले. सुट्टीची गर्दी होती. काउंटरवर उभे राहूनच ते बोलले.

"मी फोन केला. पाच वेळा केला. गाडी द्या म्हणालो. कुणाचा जीव घ्या म्हणालो नाही."

"पूजा करायला कुणाला पाठवलंत?"

"मी? माझ्याकडे देवाला हार घालायला वेळ नाही, गाडीला कुठून घालू?" त्यांनी एका पाहुण्याला किल्ली दिली, हसून दिली, आणि परत अरुंधतींकडे वळताना ते हसू ठेवून दिले. "आमचा ड्रायव्हर गेला असेल. म्हातारा जुन्या जीपवाला. विजेच्या गाडीला कान लावून ऐकतो, चालू झाली का म्हणून! मी त्याला म्हणायचो, अरे बाबा, ही गाडी आहे, घड्याळ नाही. मागच्या दसऱ्याला गाडी भाड्यावर होती, पूजा राहिली. तर वर्षभर माझं डोकं खाल्लं त्याने. आधी ती पांढरी पाण्यात गेली, मग हिला उंदीर लागले, सगळं म्हणे पूजा राहिली म्हणून."

"नाव काय त्याचं?"

"शिदू. लोहगडवाडीचा. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?" गंगाधर यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "कैलासचा सासरा तो."

६

लोहगडवाडीत गडाच्या वाटेवर उज्ज्वलाची टपरी होती. चहा, पिठलं-भाकरी, ताक. कैलास गेल्यावर ती माहेरीच राहिली होती आणि तेराव्यानंतर तिने टपरी पुन्हा उघडली होती. ट्रेकला आलेली पोरं ओरडत होती, "मावशी, चार कटिंग!" ती तिशीची होती.

अरुंधतींनी ओळख सांगताच तिने बाकडे पुसले.

"बसा म्याडम. अर्ज मीच केला. लोक म्हनले, कशाला? गेलेला मानूस येतो व्हय माघारी? म्या म्हनलं, येत न्हाई, पन बदनाम तर नगं व्हायला. पोरगी साळंत जाती. तिला कुनी म्हनंल, तुझा बाप गाढव व्हता, इजंच्या तारंला हात लावला."

"तुम्हाला कळलं कसं?"

"साडेतीनला अश्लेषाताईचा फोन आला. आबा हितंच व्हते, ह्याच बाकड्याव. दोनलाच आलते. परातीत मला परसाद आनला, भाकरी खाल्ली, च्या पीत व्हते. माज्या तोंडाकडं बघूनच त्यांच्या हातनं कप पडला. मग त्यांनीच मला गाडीवं घालून खाली नेलं."

अरुंधतींनी ते शब्द मनात टिपले. त्या वेळी त्यांना त्या शब्दांचे वजन ठाऊक नव्हते.

शिदू टपरीच्या मागे फाट्या फोडत होता. साठीचा, किडकिडीत, ताठ. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली आणि पुढे येऊन उभा राहिला. त्याला काही विचारावे लागले नाही.

"लिंबं बघितली का तुमी?" तो म्हणाला.

"बघितली, आबा."

"मंग तुमाला कळलं आसंल."

उज्ज्वला चहा गाळत होती.

"कैलासनं सांगितलं व्हतं," शिदू म्हणाला. "मामा, आज गाडी हालनार न्हाई, तिची कळ माझ्या खिशात हाय. म्या म्हनलं, बरं. त्यो नळी आनाया तळेगावला गेला. म्या हार घातला, कापड टाकलं, नारळ ठेवला. लिंबं ठेवली. आन् मग वाटलं, लिंबू फुटल्याबिगर पूजा कशी व्हईल? मागल्या साली ऱ्हायली, आवंदा अर्धी? त्याला कळ काढताना, बसवताना म्या लय वेळा बघितलंवतं. पांढऱ्या गाडीत तसलीच हाय, ह्ये बी ठावं व्हतं. काढली, बसवली. गाडी हातभर फुडं घेतली. लिंबं फुटली. बरं वाटलं."

"मग गाडी बंद केलीत?"

शिदूने पायाशी पडलेली फाटी उचलून ढिगावर ठेवली.

"चावी काढून खिशात घातली. पी-पी करत व्हती. ती कायम करती, दार उघडं ऱ्हायलं तरी करती. आवाज तर काय नव्हता. जीप आसती तर धडधडली आसती, म्या आसा सोडून गेलो नसतो, म्याडम. आवाज न्हाई म्हंजी बंद, आसंच वाटलं."

त्या गाडीत चावी काढून नेली तरी चालूचे बटण आपले आपण बंद होत नाही. समोरचा पडदा ते सांगतो. पडद्यावर लाल कापड होते.

टपरीवर कुणीतरी ओरडले, "मावशी, चहा झाला का आमटी?"

"तुमी सांगितलं न्हाई मला," उज्ज्वला म्हणाली.

शिदू तिच्याकडे न बघता अरुंधतींना म्हणाला, "कळ म्या बसवली. मागनं म्याच काढली. आसं ल्ह्या."

"मागून कधी?"

"तीन वाजता माघारी आलो गॅरेजात. त्यो पडलेला दिसला. घाबारलो. कळ काढली, पुसली, पांढऱ्या गाडीत ठिवली. आन् पळालो. मालक बिचारा ह्यात न्हाई. सगळं माझंच हाय. सगळं माज्याच नावावं ल्ह्या, म्याडम. अर्धं नगं."

अरुंधतींनी उज्ज्वलाकडे पाहिले. तिने मान वर केली नाही. तिच्या हातातल्या गाळणीतून चहा पातेल्याबाहेर ओट्यावर पडत होता.

७

कोडे सुटले होते, ते असे.

शिदूने दुसऱ्या गाडीचा प्लग बसवून निळी गाडी चालू केली आणि तशीच सोडून तो लोहगडवाडीला गेला. कैलास तळेगावहून नळी घेऊन परत आला. हार पाहिला, मामांनी पूजा केली हे त्याला कळले. गाडी हातभर पुढे आलेली त्याच्या लक्षात आली नाही. सीट उचलून बघायचे त्याला कारणच नव्हते, प्लग खिशात होता. मीटर आणि मोजे पाटावर होते, त्यांना हात लावायचा नव्हता. त्याने डाव्या हाताने एक उघडी केबल धरली आणि उजव्या हातातल्या चाकूने दुसरी खरवडायला घेतली.

पुढचेही उघड होते. सव्वातीनला शिदू बाकड्यावर चहा पीत होता. गॅरेजमध्ये एकटे यशोधन होते. त्यांनी माणूस लाकडी दांड्याने ढकलला, कारण चिकटलेला माणूस बघून गाडी चालू आहे हे त्यांना कळले होते. त्यांनी बटण बंद केले, सीटखालचा प्लग उपटला, पुसला आणि पांढऱ्या गाडीत नेऊन बसवला. तो निळ्या गाडीत सापडला असता तर पहिला प्रश्न कुलपाचा निघाला असता : झाकण असते तर हा प्लग बसला असता का? त्यांनी ते तीनदा नाकारले होते.

अरुंधतींनी हे सगळे यशोधन यांना त्यांच्याच केबिनमध्ये सांगितले.

"छान जुळवलंत," ते म्हणाले. आवाज मऊच होता. "पुरावा?"

"कुंकू."

"त्या दिवशी परंदवडीत प्रत्येकाच्या बोटाला कुंकू होतं. माझ्यासुद्धा."

"लिंबं."

"चार माणसांना गाडी उचलूनही ठेवता येते. आणि तो म्हातारा सांगतोय ना, मीच काढला? त्यालाच विचारा. का त्याचं अर्धं खरं धरणार आणि अर्धं खोटं?"

गोम तिथेच होती. शिदूने कागदावर सही करायची तयारी दाखवली होती, पण फक्त त्याच्याच शब्दांवर. अपघाताच्या वेळी तो लोहगडवाडीत होता हे कुणीही वकील दहा मिनिटांत दाखवून देईल. मग त्याच्या कबुलीतले खोटे खऱ्यालाही घेऊन बुडेल. वेड लागलेला म्हातारा, जावई गेल्याच्या दुःखात बडबडतो. आणि कागदावर राहील ते तेच : मयताच्या निष्काळजीपणामुळे.

दोन्ही गोष्टी सांगू शकेल अशी एकच व्यक्ती होती. बाप तेव्हा टपरीवर होता, हे उज्ज्वलाने पाहिले होते. प्लग आपण बसवला, हे बापाने तिच्यासमोर कबूल केले होते. तिच्या सहीने यशोधन अडकणार होते आणि कैलासच्या नावावरचा डाग जाणार होता. त्याच सहीने तिचा बाप तिच्या नवऱ्याच्या मृत्यूला कारण ठरणार होता, तिच्या तोंडून. अर्ज मागे घेतला तर बाप घरी राहणार होता आणि डाग कैलासवर.

अरुंधतींनी तिला हे टपरीमागे उभे राहून सांगितले. काही लपवले नाही आणि काही सुचवलेही नाही.

"तुमी ऐकलं की सगळं," उज्ज्वला म्हणाली. "मंग माझी सही कशाला?"

"मी ऐकलेलं चालत नाही, उज्ज्वलाताई. तुम्ही सांगितलेलं चालतं."

"खरं एकच आसतं ना, म्याडम?"

"हो."

"मग ते तुमाला ठावं हाय, मला ठावं हाय, आबांस्नी ठावं हाय, त्या मालकाला ठावं हाय. आजून कुनाला पायजे?"

अरुंधतींनी वही उघडली. त्यांनी जबाब लिहून घेतला, तिला वाचून दाखवला आणि सहीसाठी कार्यालयात यायची तारीख दिली.

त्या तारखेला उज्ज्वला आली. बाहेरच्या बाकावर तासभर बसली आणि आत न येता गेली.

दुसऱ्या तारखेला तिच्याबरोबर शिदू होता. दोघे आत आले. कागद पुढे ठेवला गेला. शिदू म्हणाला, "कर गं बाय, सही कर. म्या काय म्हनत न्हाई." उज्ज्वलाने पेन घेतले, टोपण काढले, परत लावले. "तुमी काय म्हनत न्हाई तेच लय झालं, आबा," ती म्हणाली. मग तिने अरुंधतींना विचारले, की मुलीची शाळा सुटायची वेळ झाली आहे, उद्या आले तर चालेल का.

चालेल, असे अरुंधती म्हणाल्या.

गॅरेज पुन्हा सुरू झाले आहे. अश्लेषा सध्या घरी आहे, तिच्यावरचा गैरहजेरीचा ठपका तसाच आहे. निळ्या गाडीच्या केबल बदलल्या गेल्या, तिच्यावर हॉटेलने दुसरा ड्रायव्हर ठेवला. शिदू कामावर गेलेला नाही. उज्ज्वलाने अर्ज मागे घेतलेला नाही. तिच्या जबाबावर हे लिहीपर्यंत सही झालेली नाही.